तांबड्या मातीतला दमसास

कोल्हापुराहून निपाणीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, दूधगंगेच्या खोऱ्यात वसलेले कागल हे गाव इतिहासाच्या दप्तरात मुख्यतः घाटग्यांची जहागीर म्हणून नोंदले गेले आहे. सर्जेराव आणि वजारतमाब हे किताब पिढ्यान्‌पिढ्या मिरवणाऱ्या या घराण्याने दौलतराव शिंद्यांच्या दरबारी ज्याच्या नावाने पुणे कापत असे तो सर्जेराव घाटगे दिला. १७८४ साली कागलात जन्मून १७९८ साली शिंद्यांच्या घरात गेलेली आणि पुढे ग्वाल्हेरीचा कारभार स्वतःच्या हिमतीवर हाकणारी, घोड्यावर मांड पक्की असलेली बायजाबाई दिली. आणि २६ जून १८७४ रोजी जन्मलेला, १७ मार्च १८८४ रोजी करवीरच्या गादीवर दत्तक गेलेला यशवंतराव दिला, ज्याला अवघा महाराष्ट्र राजर्षी शाहू छत्रपती म्हणून ओळखतो. सनदा, वाटण्या, दत्तकविधानांचे वाद आणि थोरल्या-धाकट्या पातींचे तंटे यांनी ही दप्तरे भरलेली आहेत. परंतु ज्या एका गोष्टीसाठी या परिसरातील शेकडो कुटुंबांनी आपली दुभती म्हैस, आपला बदामाचा पैसा आणि आपल्या पोराचे तारुण्य खर्ची घातले, त्या गोष्टीची नोंद कोणत्याही कारकुनाने केलेली आढळत नाही, कारण ती मोजण्याचे माप त्याच्यापाशी नव्हते. ती गोष्ट म्हणजे मल्लाचा दम.

कुस्तीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी डावांची गणना केली, इनामांचे आकडे दिले, छातीचे आणि मानेचे घेर सांगितले. पण ज्याने कधी मैदानाच्या कडेला बसून दोन तुल्यबळ पैलवानांची झटापट शेवटपर्यंत पाहिली असेल, त्याला हे अनुभवाने ठाऊक असते की पहिल्या पाच मिनिटांत जो जबर वाटतो तोच पंधराव्या मिनिटाला हात गुडघ्यांवर टेकून उभा राहतो, त्याचे पोट भात्यासारखे हलू लागते, पट काढण्यासाठी झेपावण्याची आज्ञा मन देते आणि मांडी ती मानीत नाही. त्या क्षणी डाव आठवत असतो, वस्तादाचा आवाजही ऐकू येत असतो, परंतु शरीरातील कोणती तरी व्यवस्था हिशेब चुकवून बसलेली असते. ही व्यवस्था कोणती, आणि कोल्हापूर-कागलच्या तालमींनी ती न जाणताच कशी जोपासली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मल्लविद्येचा खरा इतिहास हा बळाचा नसून दमाचा आहे, असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत गेले आहे.

शाहू महाराजांच्या काळाकडे प्रथम वळले पाहिजे. राजकोट आणि धारवाड येथील शिक्षणात त्यांच्यासोबत त्यांचे धाकटे बंधू पिराजीराव उर्फ बापूसाहेब घाटगे होते, जे कागलच्या थोरल्या पातीचे अधिपती झाले. २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रे हाती आल्यावर महाराजांनी ज्या उत्साहाने शाळा, वसतिगृहे आणि धरणाची योजना हाती घेतली, त्याच उत्साहाने कुस्तीलाही दरबारचा आश्रय दिला. उत्तरेकडील नामांकित मल्ल करवीरास आले आणि राहिले, त्यांच्या खुराकाची व्यवस्था खाजगीकडून झाली, पेठापेठांतील तालमींना नेमणुका मिळाल्या. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त ते विलायतेस गेले असता रोमचे प्राचीन रंगमंडळ पाहून त्यांच्या मनात कुस्तीच्या मैदानाची कल्पना आली असे सांगतात. ती १९०७ च्या सुमारास खासबागेत आकारू लागली आणि १९१२ साली सिद्ध झाली. मध्यभागी उंचावर तांबड्या मातीचा हौदा आणि सभोवती बशीच्या आकाराने चढत गेलेली बैठकीची जागा अशी ही रचना असल्याने, हजारो प्रेक्षकांपैकी शेवटच्या रांगेतील शेतकऱ्यालाही दोन्ही मल्लांचे पाय दिसावेत, असा तिचा रोख आहे. राजाने आपल्या प्रजेसाठी बांधलेल्या वास्तूंत इतकी समतेची वास्तू मला तरी दुसरी आठवत नाही.

या मैदानात त्या काळी जी कुस्ती होई ती निकाली कुस्ती. आज दोन डावांत प्रत्येकी तीन मिनिटे अशी घड्याळाने बांधलेली लढत आपल्याला परिचित झाली आहे. परंतु जुन्या रिवाजाप्रमाणे पाठ मातीला लागेपर्यंत झुंज चालू राही, आणि तुल्यबळ जोड असल्यास ती तासाच्या पलीकडेही जाई. घड्याळ नसलेल्या अशा लढतीत केवळ दंडाच्या जोरावर भिस्त ठेवणारा मल्ल टिकणे शक्य नव्हते. त्यामुळे तालमीची सारी दिनचर्या नकळत एकाच हेतूभोवती रचली गेली. पहाटे तीन-चारच्या सुमारास उठणे, हौदा उकरणे, शेकड्यांनी जोर आणि हजारांनी बैठका, मग एका मागून एक ताज्या दमाचे जोडीदार अंगावर घेऊन लढणे, नंतर थंडाई, दूध, तूप, दुपारची झोप, आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत. वस्ताद पट्ठ्याला लढतीनंतर कधी बसू देत नसे. हौद्याच्या कडेने फिरत राहण्याची, अंगाला माती चोळण्याची, हातपाय हलते ठेवण्याची त्याची सक्त ताकीद असे. या ताकिदीचे कारण विचारण्याची पद्धत नव्हती, आणि विचारले असते तरी आमच्या वस्तादांनी असेच केले, याहून निराळे उत्तर मिळाले नसते.

हौद्यातील मातीचीही एक शास्त्रशुद्ध म्हणावी अशी निगा होती. चाळलेल्या तांबड्या मातीत काव, हळद, तेल, लिंबाचा रस, कापूर आणि ताक घालून ती मळली जाई, आणि त्यायोगे ती मऊ राही, अंगाला चिकटे, जखमेला बाधत नसे. यांपैकी ताकाकडे वाचकांनी थोडे अधिक लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. १७८० साली स्वीडनमधील कार्ल शेले या औषधविक्रेत्या रसायनज्ञाने आंबलेल्या दुधातून एक अम्ल वेगळे काढले. तेच लॅक्टिक अम्ल होय. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच देशातील बर्झेलियस याला हेच द्रव्य शिकारीत दमवून मारलेल्या सांबरासारख्या मृगांच्या स्नायूंत सापडले, आणि जनावर जितके अधिक दमलेले तितके ते अधिक असते असे त्याने नमूद केले. कोल्हापुरास ही गोष्ट पटण्यास अवघड नसावी. शाहू महाराजांना चित्त्याकरवी काळवीट धरविण्याचा मोठा शौक होता, दरबारी चित्तेवानांची स्वतंत्र नेमणूक असे, आणि हिंदुस्थानातील चित्ता दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकेतूनही चित्ते आणविले गेले. झेप साधो वा न साधो, अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या त्या धावेनंतर चित्ता काही काळ उठूही शकत नाही, हे करवीरच्या चित्तेवानाने रोज पाहिले होते. त्याच्या स्नायूंत त्या वेळी काय साठलेले असते याचा शोध मात्र दूरदेशीच्या प्रयोगशाळांत लागत होता.

१९०७ साली, म्हणजे खासबागेत खोदाई चालू असण्याच्याच काळात, केंब्रिज येथे फ्लेचर आणि हॉपकिन्स या दोघांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून असे दाखविले की प्राणवायूवाचून काम करणाऱ्या स्नायूंत लॅक्टिक अम्ल साठते आणि प्राणवायू मिळताच ते नाहीसे होते. या विषयाचा पाठपुरावा करणारे इंग्लंडचे आर्चिबाल्ड हिल आणि जर्मनीचे ओटो मायरहॉफ यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक लाभले. त्याच वर्षी ६ मे रोजी शाहू महाराजांचे मुंबईत निधन झाले. थकव्याचे विष म्हणजे हे अम्ल, ही समजूत तेव्हापासून रूढ झाली आणि आजही व्यायामशाळांतून ती निःशंकपणे सांगितली जाते. परंतु गेल्या अर्धशतकातील संशोधनाने तिला मोठीच मुरड घातली आहे. शरीराच्या आम्लतेच्या मानाने पाहता रक्तात फिरते ते बहुतांशी लॅक्टेट या रूपात, आणि हे लॅक्टेट विष तर नव्हेच, उलट ते हृदयाचे, कमी वेगाने काम करणाऱ्या स्नायुतंतूंचे आणि मेंदूचेही इंधन आहे. यकृत त्याच्यापासून पुन्हा शर्करा बनविते. त्रास होतो तो त्याच्यासोबत साठणाऱ्या हायड्रोजन आयनांचा, म्हणजे आम्लतेचा, आणि स्नायूच्या अंतर्गत रसायनातील इतर बदलांचा. मेहनतीच्या दुसऱ्या दिवशी अंग आंबते तेही लॅक्टेटमुळे नव्हे, तर स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे. म्हणून प्रश्न अम्ल निर्माण होण्याचा नसून ते ज्या स्नायूत निर्माण झाले तेथून किती त्वरेने बाहेर पडते आणि जेथे त्याचा उपयोग आहे तेथे किती लवकर पोहोचते, हा आहे. विश्रांतीत एका लिटर रक्तात सुमारे एक मिलिमोल असणारे लॅक्टेट अटीतटीच्या कुस्तीत पंधरा मिलिमोलांच्याही पुढे जाऊ शकते, यावरून या वाहतुकीचा पसारा ध्यानात यावा.

आणि येथे रक्तातील तांबड्या पेशीचे महत्त्व आहे. तिला आपण प्राणवायूची वाहक म्हणून ओळखतो. तिच्यात केंद्रक नाही, प्राणवायू जाळून ऊर्जा देणारी कणिका नाही, आणि स्वतःच्या निर्वाहासाठी ती शर्करेचे विघटन करून लॅक्टेटच निर्माण करते. असे असूनही, पुरुषाच्या रक्ताचा जवळजवळ ४५ टक्के भाग व्यापणारी ही पेशींची सेना झुंजीच्या वेळी आणखी एक काम करते. स्नायूंतून रक्तद्रवात लॅक्टेटचा लोंढा येऊ लागला की त्यातील काही हिस्सा ती आपल्या उदरात घेते, त्यामुळे रक्तद्रवातील दाटी कमी होते, आणि स्नायूला आणखी लॅक्टेट बाहेर टाकण्यास वाव राहतो. पेशीच्या पातळ आवरणातून हे लॅक्टेट आत जाते ते तीन मार्गांनी: अल्प प्रमाणात आपोआप झिरपून, काही प्रमाणात बायकार्बोनेट आणि क्लोराइड यांची अदलाबदल करणाऱ्या एका प्रथिनाच्या द्वारे, आणि माणसात मुख्यतः एमसीटी-१ या वाहक प्रथिनाच्या द्वारे. कोल्हापूर आणि कर्नाटक यांच्या सीमेवर बसलेल्या कागलकरांना जकातनाक्याची रीत सांगायला नको. या प्रथिनाचा कारभार त्या नाक्यासारखाच आहे, फरक इतकाच की येथे कोणालाही एकट्याने सोडीत नाहीत, प्रत्येक लॅक्टेटसोबत एक हायड्रोजन आयन असलाच पाहिजे. त्यामुळे तांबडी पेशी लॅक्टेटबरोबर आम्लताही आत ओढून घेते, आणि पेशीतील हिमोग्लोबिन ती पचविण्यास समर्थ असते. १९९४ साली या प्रथिनाची जनुकीय ओळख पटली, आणि दमसास या शब्दाला प्रथमच एक रेणवीय आशय प्राप्त झाला.

प्राण्यांच्या तुलनेने या गोष्टीवर विशेष प्रकाश पडला. धावण्यासाठी जन्मलेल्या घोड्याच्या आणि कुत्र्याच्या तांबड्या पेशी लॅक्टेट मुख्यतः या वाहक प्रथिनातून आणि मोठ्या वेगाने आत घेतात. शेळी आणि गाय यांच्या पेशींत तो मार्ग दुर्बल असून अदलाबदलीच्या प्रथिनावर भिस्त असते. त्याहून मनोवेधक म्हणजे, हेलसिंकीच्या विद्यापीठातील पशुवैद्यकांना १९९० च्या दशकात शर्यतीच्या घोड्यांमध्येच असे दोन गट आढळले की एकाच्या तांबड्या पेशी लॅक्टेट भराभर घेतात आणि दुसऱ्याच्या मंदगतीने. आणि हा भेद आनुवंशिक होता. दोन घोडे दिसावयास सारखे, स्नायूंनी सारखे, आणि रक्ताच्या पेशींची धाटणी मात्र निराळी. कोणा वस्तादाने एका पट्ठ्याकडे पाहून याच्यात दम उपजत आहे असे म्हटले असेल, तर ते केवळ कौतुक नव्हते असे मानण्यास येथे आधार मिळतो.

हेलसिंकीचे नाव निघाल्यावर खाशाबा जाधवांची आठवण न येणारा माणूस कोल्हापूर प्रांतात सापडणार नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयात शिक्षण घेतले, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला, आणि १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैसा उभा राहीना तेव्हा त्याच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. तेथे जपानच्या इशीशी दीर्घ आणि थकविणारी झुंज झाल्यावर, दोन लढतींत अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम असता, बाजू मांडावयास कोणी भारतीय अधिकारी जवळ नसल्याने खाशाबांना तत्काळ सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले, असे त्या प्रसंगाच्या वृत्तांतांतून सांगितले जाते. इशीला सुवर्ण मिळाले, सोव्हिएत मल्लाला रौप्य, आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. झुंजीनंतर रक्तात चढलेले लॅक्टेट साधारणपणे दर पंधरा-वीस मिनिटांनी निम्म्यावर येत असते, आणि स्वस्थ पडण्यापेक्षा हळूहळू चालत राहिल्यास ते अधिक लवकर उतरते, कारण काम करणारे स्नायू ते जाळून टाकतात. म्हणजे त्या हिरावलेल्या अर्ध्या तासाची किंमत किती होती हे आज आकड्यांत मांडता येते. वस्तादाची हौद्याभोवती फिरत राहण्याची ताकीद किती यथार्थ होती, हेही त्यातच आले. मला तो अर्धा तास आठवला की आजही संताप येतो.

आता या लेखातील सर्वांत नाजूक धाग्याकडे वळू. लॅक्टेटच्या या वाहतुकीवर पुरुषत्वाच्या संप्रेरकाचा, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा, परिणाम होतो काय, हा प्रश्न शरीरशास्त्रज्ञांनी विचारला आहे. या संप्रेरकाचा इतिहास १८४९ साली ग्योटिंगेन येथे सुरू होतो, जेथे आर्नोल्ड बर्थोल्डने खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या उदरात वृषण पुन्हा रोवून असे दाखविले की मज्जातंतूंचा संबंध तुटला तरी केवळ रक्तावाटे कोंबड्याचा तुरा, बांग आणि भांडखोरपणा परत येतो. १९३५ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या एर्न्स्ट लाकर यांच्या प्रयोगशाळेने वळूंच्या सुमारे १०० किलो वृषणांपासून अवघे १० मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य काढले, आणि त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका यांनी ते कृत्रिम रीतीने तयार केले. स्नेहात विरघळणारे हे द्रव्य पेशीत शिरून तिच्या केंद्रकातील जनुकांना कामाला लावते. २००६ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्यांच्या स्नायूंतील लॅक्टेटवाहक प्रथिने आणि त्या वाहतुकीचा वेग दोन्ही वाढतात. म्हणजे स्नायूच्या बाजूचे दार रुंदावते, हे निदान उंदरांत तरी सिद्ध आहे.

तांबड्या पेशीच्या बाजूला विचार अधिक सावधपणे करावा लागतो. परिपक्व तांबड्या पेशीला केंद्रक नसल्याने जनुकांना आज्ञा देऊन नवीन प्रथिन घडविण्याचे काम तिच्या ठायी होऊच शकत नाही. जे वाहक तिला मिळायचे ते अस्थिमज्जेत तिची घडण चालू असतानाच मिळतात, आणि मग रक्तात ती सुमारे १२० दिवस त्याच भांडवलावर जगते. म्हणून संप्रेरकाचा या पेशीवर जनुकांच्या मार्गाने काही परिणाम व्हायचा तर तो मज्जेत, आणि दिसायचा तर काही आठवड्यांनी. तत्काळ दिसणारा कोणताही परिणाम आवरणावरच प्रत्यक्ष झालेला असला पाहिजे. मज्जेवर या संप्रेरकाचा अंमल चालतो हे तर निर्विवाद आहे. ते लोहाच्या उपयोगावर बंधन घालणाऱ्या हेप्सिडिन या द्रव्याला आवर घालते, तांबड्या पेशींची पैदास वाढविते, आणि पुरुषाच्या रक्तात स्त्रीपेक्षा हिमोग्लोबिन अधिक असते त्याचे एक प्रमुख कारण तेच आहे. पेशी अधिक म्हणजे नाकेही अधिक, हे सरळ गणित आहे. या संदर्भात कोल्हापूरच्या मल्लजीवनातील एक क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. पावसाळ्यात उघडी मैदाने बंद असतात, आणि आषाढापासून पुढचे महिने मल्ल तालमीच्या छपराखाली केवळ मेहनत आणि खुराक यांत घालवितो. दसऱ्यानंतर, यात्रा-जत्रांचा हंगाम उजाडला की तो मैदानात उतरतो. चातुर्मासाचा हा काळ तांबड्या पेशींच्या एका संपूर्ण पिढीच्या आयुष्याएवढा आहे. मल्ल आखाड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याच्या अंगात वाहणारे रक्त जवळजवळ सर्वस्वी त्या मेहनतीच्या दिवसांत घडलेले असते.

तालमीच्या नीतीत ब्रह्मचर्याला जे स्थान होते त्याचा विचार येथे टाळता येत नाही. मारुतीच्या साक्षीने लंगोट कसणारा मल्ल वीर्यरक्षणाने ओज वाढते असे मानी, आणि आयुर्वेदातील रसापासून शुक्रापर्यंतच्या सप्तधातूंच्या परंपरेत, जिथे मज्जेनंतर शुक्राची उत्पत्ती सांगितली आहे, या श्रद्धेला शास्त्राचा आधार मिळे. आधुनिक ज्ञानाचा निर्णय याबाबत स्पष्ट आहे आणि तो स्पष्टच सांगितला पाहिजे: टेस्टोस्टेरॉन ही वीर्यात साठवून ठेवण्याची वस्तू नाही, ते वृषणातील विशिष्ट पेशींतून थेट रक्तात उतरते, आणि त्याचा साठा संयमाने वाढत नाही. मग तालमीची ती कडक शिस्त व्यर्थ होती काय? मला तसे वाटत नाही. रात्री लवकर झोप, पहाटे उठणे, दुपारची विश्रांती, व्यसनांपासून दूर राहणे आणि स्निग्ध, पुष्ट आहार हे सारे त्या व्रताच्या पोटात होते, आणि यांपैकी झोपेचे मोल तर आज मोजले गेले आहे. २०११ साली शिकागोतील संशोधकांनी दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाच तासच झोपू दिले असता त्यांच्या दिवसाच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये १० ते १५ टक्के घट झाली. वस्तादाने कारण चुकीचे सांगितले आणि आचरण योग्य शिकविले, असे या बाबतीत म्हणता येते. आणि आचरणाचा परिणाम शरीर भोगत असते, कारणमीमांसेचा नव्हे.

ज्या १९३५ साली हे संप्रेरक शुद्ध रूपात हाती आले, त्याच साली कागलात आनंद यादवांचा जन्म झाला. त्यांच्या ‘नटरंग’ या कादंबरीतला गुणा हा पिळदार, कुस्तीगिराला शोभेल अशा देहाचा शेतमजूर तमाशाच्या वेडापायी नाच्याची भूमिका पत्करतो आणि त्याची किंमत आयुष्यभर मोजतो. या कथेचा उल्लेख येथे अप्रस्तुत वाटू नये. ज्या प्रदेशात पुरुषाच्या देहाची पारख मानेच्या जाडीवरून आणि चालीच्या ठसक्यावरून करण्याची सवय पिढ्यांची आहे, तेथे गुणाचे बाहू तेच, रक्त तेच, त्यातील संप्रेरक तेच असताना केवळ हावभाव बदलल्याने समाज त्याला पुरुषांतून उठवितो. शरीरशास्त्र जे द्रव्य मोजते आणि समाज ज्याला मर्दपणा म्हणतो, त्या दोहोंत किती अंतर आहे हे यादवांनी कोणत्याही प्रयोगशाळेच्या साहाय्यावाचून दाखविले आहे.

हे अंतर ओळखता न आल्याने आज एक दुःखदायक प्रकार तालमींच्या आसपास शिरला आहे. ज्याला चार पावसाळ्यांची मेहनत हवी तो दम आणि ते अंग चार महिन्यांत सुईतून मिळते, असे सांगणारे दलाल कोवळ्या पोरांना गाठतात. बाहेरून घेतलेले संप्रेरक रक्तात वाढले की मेंदू आपल्या वृषणांना दिलेली आज्ञा मागे घेतो. ते आक्रसतात, शुक्राणूंची निर्मिती थांबते, आणि सुई थांबल्यावर मूळ कारभार पूर्ववत सुरू होण्यास महिने लागतात, कधी तो पूर्णपणे होतही नाही. मज्जा इतक्या तांबड्या पेशी ओतू लागते की रक्त दाट होते. रक्तातील पेशींचे प्रमाण ५४ टक्क्यांवर गेले तर जे वैद्य आजारासाठी हे औषध देतात तेही ते थांबवितात, कारण दाट रक्त वाहिन्यांतून मंद फिरते, गोठते, आणि हृदयावर भार टाकते. नाके वाढावेत म्हणून घेतलेल्या औषधाने रस्ताच तुंबावा, असा हा प्रकार आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून अशा द्रव्यांची तपासणी होऊ लागली. गावच्या यात्रेतील मैदानात ती कोणी करीत नाही. ज्या आईबापांनी म्हैस विकून मुलाला कोल्हापुरास धाडले, त्यांच्या हाती एक आजारी तरुण परत येतो, आणि त्याविषयी गावात कोणी उघड बोलत नाही. तालमींच्या पंचांनी आणि वस्तादांनी हे मौन सोडले पाहिजे, असे मी कळकळीने म्हणतो.

कागल तालुक्यातच मुरगूड येथे गेल्या काही वर्षांत मुलींची कुस्ती जोमाने वाढली असून तेथील मल्लकन्या राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांपर्यंत पोहोचल्या आहेत. स्त्रीच्या रक्तातही टेस्टोस्टेरॉन असते, पुरुषाच्या मानाने फार थोडे. तिच्या तांबड्या पेशी संख्येने कमी असतात, परंतु प्रत्येक पेशीच्या आवरणावर तोच लॅक्टेटवाहक असतो, आणि मेहनतीने तिचेही स्नायू हे वाहक वाढवीत असतात. २००४ साली अथेन्सला स्त्रियांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली, तेव्हापासून या मुलींपुढे असलेली वाट कोणत्याही जहागिरीच्या सनदेने बंद होणारी नाही. बोटाच्या टोकाला सुई टोचून रक्ताच्या एका थेंबातील लॅक्टेट काही सेकंदांत सांगणारे छोटे यंत्र आता कोठल्याही प्रशिक्षकाला घेता येते. लढतीनंतर पाच, दहा आणि वीस मिनिटांनी ते वापरून कोणत्या मुलीचा दम किती लवकर परततो हे वहीत मांडीत गेल्यास, घाटग्यांच्या दप्तरांत कधीच न आलेली एक नोंद त्या वहीत प्रथमच येईल.